रानातील मुक्काम, उंदीर आणि सहलीची नोंदवही

पावसाळा ओसरला, सहामाही परीक्षा आटोपली, की शाळाशाळांतून सहलींची बोलणी सुरू होतात. कोणी गड पाहावयास निघतात, कोणी धरणाकाठी तंबू ठोकतात, स्काऊट-गाईडची पथके वनात दोन रात्री मुक्काम करतात. झऱ्याचे पाणी कोठून येते, पाखरू घरटे कसे विणते, चूल पेटवावयास कोणती काटकी चांगली, हे पुस्तकातील चार धडे वाचून जितके उमगत नाही तितके एका मुक्कामात उमगते. म्हणून सहल ही झालीच पाहिजे.

सहलीची तयारी करताना साप, विंचू, मधमाश्या, खोल डोह यांचा विचार शिक्षक करतोच. उंदराचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. साप चावला तर तत्क्षणी कळते. डोहातील धोका डोळ्यांना दिसतो. उंदरापासून होणारा आजार मात्र मुले घरी परतून, सहलीचे निबंध लिहून, पुन्हा अभ्यासाला लागल्यावर आठ-पंधरा दिवसांनी तापाच्या रूपाने येतो. त्या वेळी या तापाचा त्या मुक्कामाशी काही संबंध असेल हे ना पालकांच्या ध्यानात येते, ना डॉक्टरांस कोणी सांगते. अशा आजारांत जीव जातो तो पुष्कळदा रोगाच्या प्रखरतेपेक्षा निदानास लागलेल्या विलंबामुळे. हा विलंब टाळणे मात्र शिक्षकाच्या हाती आहे.

१. कृंतक प्राणी कोणते?

ज्या सस्तन प्राण्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात व म्हणून ज्यांना सतत काहीतरी कुरतडावे लागते, त्यांना कृंतक म्हणतात. घरातील उंदीर, शेतातील उंदीर, घूस, खार, इतकेच नव्हे तर साळिंदरही याच वर्गातील. चिचुंद्री दिसावयास उंदरासारखी असली तरी ती कृंतक नव्हे. ती कीटकभक्षी आहे. ससाही कृंतकांत मोडत नाही. हा भेद मुलांना अवश्य सांगावा. त्यामुळे त्यांचे निरीक्षण बारीक होते.

रानातील उंदीर हा स्वभावतः भित्रा प्राणी आहे. तो माणसाच्या वाटेस सहसा जात नाही. तेव्हा धोका असतो तो बहुधा त्याच्या चावण्यात नव्हे, तर तो मागे ठेवून जातो त्या खुणांत. त्याच्या मूत्राने दूषित झालेले पाणी व चिखल ही पहिली वाट. वाळलेल्या लेंड्यांची व मूत्राची हवेत उडणारी धूळ ही दुसरी. त्याच्या अंगावर व बिळाभोवतीच्या गवतात राहणारे पिसवांसारखे सूक्ष्म जीव ही तिसरी. उंदीर एकदाही दृष्टीस न पडता या तिन्ही वाटांनी रोग माणसापर्यंत पोहोचू शकतो.

२. दोन दूरच्या मुक्कामांचे दाखले

या वाटांपैकी पहिल्या दोन कशा काम करतात, हे परदेशांतील दोन प्रसंगांवरून स्पष्ट होते. दोन्ही प्रसंग तंबूत राहणाऱ्या व रानावनांत हिंडणाऱ्या लोकांचे आहेत.

पहिला प्रसंग अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील आहे. तेथे प्रवाशांसाठी कायमच्या तंबूवजा खोल्या उभारलेल्या होत्या. थंडीचा त्रास होऊ नये म्हणून त्यांपैकी काही खोल्यांच्या भिंती दुहेरी केल्या होत्या व मधल्या पोकळीत ऊब धरून ठेवणारे साहित्य भरले होते. या उबदार पोकळीत रानउंदरांनी घरटी केली. सन २०१२ च्या उन्हाळ्यात त्या उद्यानात मुक्काम केलेल्या १० जणांना हंटा विषाणूचा आजार झाला व त्यांपैकी ३ जण दगावले. बहुतेक सर्व रोगी या दुहेरी भिंतींच्या खोल्यांत राहिलेले होते. हा विषाणू उंदराच्या लाळेत व मलमूत्रात असतो. ते वाळून धुळीत मिसळले व ती धूळ श्वासावाटे आत गेली म्हणजे रोग जडतो. आरंभी साधा ताप व अंगदुखी असते. पुढे फुप्फुसांत पाणी भरते. यावर नेमके औषध नाही. लक्षणे दिसावयास एकापासून आठ आठवडे लागू शकतात. प्रवासी तोवर आपापल्या गावी पांगलेले होते. कोण कोठे राहिले याची नोंद उद्यानाकडे होती, म्हणूनच तेथे राहून गेलेल्या हजारो प्रवाशांस पत्रे व संदेश पाठवून, ताप आल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे, असे कळविता आले.

दुसरा प्रसंग मलेशियातील सबाह प्रांताचा, सन २००० मधील आहे. ऑगस्टअखेरीस तेथील अरण्यात साहसी खेळांची एक मोठी स्पर्धा झाली. अनेक देशांतून आलेले ३०४ खेळाडू डोंगर चढले, चिखल तुडविला, नद्या पोहून गेले. स्पर्धा संपवून ते आपापल्या देशी परतले आणि त्यानंतर निरनिराळ्या शहरांत त्यांना ताप येऊ लागला. अमेरिका, कॅनडा व इंग्लंड येथील डॉक्टरांनी रोग्यांना प्रवासाविषयी विचारले, तेव्हा हे सारे एकाच स्पर्धेतून आलेले आहेत हे ध्यानात आले. पुढे १८९ खेळाडूंशी संपर्क साधण्यात आला. त्यांपैकी ८० जणांस लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे येऊन गेली होती. सेगामा नदीत पोहणे हे त्याचे मुख्य कारण ठरले. सुदैवाने त्यांत कोणी दगावले नाही.

रोग दोन, देश दोन. परंतु बोध एकच आहे. रोग जडला मुक्कामी आणि प्रकट झाला घरी. दोन्हीकडे साखळी जुळली ती, कोण केव्हा कोठे होते, एवढी माहिती हाताशी असल्यामुळे.

३. महाराष्ट्रातील अनुभव

लेप्टोस्पायरोसिस महाराष्ट्रास परका नाही. कोकणातील भातखाचरांत काम करणाऱ्या शेतकऱ्यांत तो पावसाळ्यात दरवर्षी आढळतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याचे अनेक रोगी आढळले होते. याचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात. उंदीर स्वतः निरोगी दिसतो, पण त्याच्या मूत्रावाटे जंतू पाण्यात व चिखलात उतरतात आणि ओलाव्यात अनेक दिवस जगतात. गुरे, कुत्री व डुकरे यांच्यापासूनही ते पसरतात. माणसाच्या शरीरात ते पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या जागेतून, तसेच डोळे, नाक व तोंड यांच्या नाजूक त्वचेतून शिरतात. अनवाणी हिंडणाऱ्या मुलांचे पाय खरचटलेले नाहीत असे क्वचितच घडते. बहुधा ५ ते १४ दिवसांनी ताप, तीव्र डोकेदुखी, पोटऱ्यांत वेदना व डोळ्यांत लाली ही लक्षणे दिसतात. उपचार न झाल्यास कावीळ होते व मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात.

दुसरा रोग स्क्रब टायफस हा होय. सन २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व विदर्भाच्या अन्य भागांत याचे पुष्कळ रोगी आढळले. कोळ्याच्या कुळातील एक अतिसूक्ष्म जीव झुडपांत व उंच गवतात राहतो. त्याची पिले एरवी उंदरांच्या अंगावर पोसतात. गवतात माणूस बसला वा निजला तर त्यालाही चावतात. चावा दुखत नाही व दिसतही नाही. चावलेल्या जागी पुढे विडीचा चटका बसावा तशी काळी खपली धरते. ही खपली काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली अशा झाकलेल्या जागी असते. म्हणून ती शोधल्याखेरीज सापडत नाही. ताप बहुधा १० ते १२ दिवसांनी येतो. खपली सर्वांनाच दिसते असे नाही, परंतु दिसली तर निदानाचे अर्धे काम होते.

तिसरा रोग प्लेग. त्याचे जंतू १८९४ साली येर्सिन यांनी हाँगकाँग येथे शोधले व ते उंदरावरील पिसवांमार्फत पसरतात हे सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवून दिले. त्यापूर्वीच्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांचे त्याच रोगाने निधन झाले. शिक्षकांच्या या आद्य माउलीच्या काळी रोग कसा पसरतो हे ठाऊक नव्हते आणि त्यावर खात्रीचे औषधही नव्हते. सन १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी उंदीर मरून पडू लागले, घरांत पिसवांचा उपद्रव वाढला आणि पाठोपाठ गाठीच्या तापाचे संशयित रोगी आढळले. उंदीर मेला व त्याचे अंग थंड पडले, की पिसवा दुसरे उबदार शरीर शोधू लागतात. म्हणून मुक्कामाच्या परिसरात उंदीर एकाएकी मरून पडलेले दिसले, तर तो पूर्वसूचनेचा घंटानाद समजावा. मुलांना तेथून तत्काळ हलवावे व प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे.

या तिन्ही रोगांवर आज गुणकारी प्रतिजैविके उपलब्ध आहेत. ती वेळेवर मिळाली तर रोगी बहुधा बरा होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे ज्ञान व जे औषध नव्हते ते आज आहे. उणीव राहते ती रोग वेळेवर ओळखला जाण्याची.

४. मुक्कामाच्या जागी घ्यावयाची काळजी

जागेची निवड : तंबू उघड्या, कोरड्या व उन्हे येणाऱ्या जागी ठोकावा. बिळे, लाकडाचे ढीग, कडब्याची गंजी व उंच गवत यांपासून तो दूर असावा. गडावरील गुहेत किंवा पडक्या घरात निजण्याचा मोह टाळावा. लेंड्या दिसल्या तर तेथे मुळीच निजू नये.

बंद खोली : कित्येकदा मुक्काम एखाद्या बंद असलेल्या धर्मशाळेत वा शाळेच्या खोलीत होतो. अशी खोली उघडताच मुलांच्या हाती केरसुणी देऊ नये. प्रथम दारे-खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवून सर्वांनी बाहेर थांबावे. मग मोठ्या माणसाने हातमोजे घालून व नाकातोंडावर फडके बांधून जमिनीवर जंतुनाशक मिसळलेले पाणी शिंपडावे, ते काही वेळ मुरू द्यावे व ओल्या फडक्याने घाण पुसून घ्यावी. कोरडे झाडणे म्हणजे धूळ उडवून ती श्वासात घेणे होय.

अन्न व पाणी : तांदूळ, डाळ, शेंगदाणे, गूळ ही सामग्री झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवावी. खरकटे तंबूजवळ टाकू नये. जेथे अन्न सांडते तेथे रात्री उंदीर येतो. भांडी वापरण्यापूर्वी पुन्हा धुवावीत. पिण्याचे पाणी उकळलेलेच असावे; टाक्यातील किंवा ओढ्यातील पाणी नितळ दिसते म्हणून ते निर्दोष असतेच असे नाही.

पाय व अंथरूण : साचलेल्या पाण्यात व चिखलात अनवाणी उतरू देऊ नये. जखम असल्यास तीवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी. उघड्या जखमेच्या मुलाला पाण्यात जाऊच देऊ नये. गवतावर थेट न बसता सतरंजी अंथरावी. लांब बाह्यांचा सदरा व लांब विजार घालावी. सायंकाळी साबण लावून स्नान करावे व दिवसभराचे कपडे बदलावेत. निजण्याची अंथरुणे झटकून घ्यावीत.

प्राण्यांशी वर्तन : जिवंत वा मेलेला उंदीर, त्याचे घरटे किंवा पिले यांना कोणी हात लावू नये, बिळांत काठी घालू नये. उंदराने चावा घेतलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी व लगेच आरोग्य केंद्र गाठावे. उंदीर दिसला म्हणून त्याच्यामागे दगड घेऊन धावण्याचेही कारण नाही. रान हे त्याचे घर आहे. घुबड, साप व मुंगूस त्याच्यावर जगतात. मुलांना शिकवावयाचे ते भय नव्हे, अंतर राखण्याची रीत.

५. परतल्यानंतर : सहलीची नोंदवही

बहुतेक शाळांत सहलीचा हिशोब चोख ठेवला जातो. गाडीभाड्याच्या पावतीपासून शिध्याच्या यादीपर्यंत सर्व कागद जपले जातात. त्याच वहीत आणखी एक पान असावे. त्यावर पुढील बाबी लिहाव्यात : मुक्कामाचे ठिकाण व तारखा, कोण कोठे निजले, कोणती मुले पाण्यात वा चिखलात उतरली, कोणाला खरचटले, उंदीर, लेंड्या किंवा मेलेले उंदीर दिसले काय, आणि पालकांचे दूरध्वनी क्रमांक. हे लिहावयास पंधरा मिनिटे पुरतात.

परतल्या दिवसापासून ३० दिवस हे पान उघडे आहे असे समजावे. रोज हजेरी घेताना गैरहजर मुलाला ताप आहे काय, एवढे विचारावे. ताप असल्यास पालकांस स्पष्ट सांगावे, की डॉक्टरांकडे नेताना मूल अमुक तारखेला अमुक रानात मुक्कामास होते ही गोष्ट न विसरता सांगा. शक्य तर त्या पानाची प्रत चिठ्ठीसोबत द्यावी. अंगावर कोठे काळी खपली आहे काय, हे घरी आईने पाहावे, असेही सुचवावे. एकाच मुक्कामातील दोन मुलांस ताप आला तर वाट न पाहता आरोग्य केंद्रास कळवावे. धाप लागणे, डोळे पिवळे होणे, लघवी कमी होणे, काखेत वा जांघेत दुखरी गाठ येणे किंवा मूल गुंगीत जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

शिक्षकाने स्वतः निदान करू नये व औषधही देऊ नये. ते वैद्याचे काम आहे. परंतु वैद्याला जे ठाऊक नसते ते शिक्षकाला ठाऊक असते. तापाने फणफणलेले मूल बारा दिवसांपूर्वी कोणत्या ओढ्यात खेळले, हे तपासणीच्या नळीतून ऐकू येत नाही. पालक दोघेही शेतावर, मजुरीवर गेलेले असतील, तर ती माहिती सांगणारा शिक्षकावाचून दुसरा कोणीच नसतो.

६. वर्गात घ्यावयाचा पाठ

हा पाठ सहलीपूर्वीच्या आठवड्यात, इयत्ता चौथीपासून पुढील वर्गांस एका तासिकेत देता येईल.

पहिली कृती : खिडकीतून उन्हाचा पट्टा येत असेल तेथे, मुलांना दूर बसवून, खडूने भरलेला फळा कोरड्या पुसण्याने पुसावा. उन्हात तरंगणारी पूड मुलांना दिसेल. नंतर फळ्याचा दुसरा अर्धा भाग ओल्या फडक्याने पुसावा. पूड उडत नाही हे मुले स्वतःच सांगतील. मग विचारावे, "ही खडूची पूड नसून उंदराच्या लेंड्यांची धूळ असती, तर खोली कशी स्वच्छ केली असती?" एवढ्यावरून ओले पुसण्याचे कारण त्यांच्या मनात पक्के बसते.

दुसरी कृती : शाळेच्या पोषण आहाराच्या कोठीबाहेर सायंकाळी बारीक ओलसर माती सपाट पसरून ठेवावी. सकाळी तीवर उमटलेली पावले लांबूनच पाहून वहीत चितारावीत. रात्री कोण येऊन गेले याचा माग काढताना, न दिसणाऱ्या पाहुण्याची कल्पना मुलांना स्पष्ट येते.

तिसरी कृती गणिताची आहे. "शिबिर ८ ऑक्टोबर ते १० ऑक्टोबर असे झाले. एका मुलीस १९ ऑक्टोबर रोजी ताप आला. तिला रोगाचा संसर्ग शिबिरात झाला असल्यास त्यास कमीत कमी किती व जास्तीत जास्त किती दिवस झाले?" उत्तर ९ व ११ दिवस. मग फळ्यावर लेप्टोस्पायरोसिसचे ५ ते १४ दिवस लिहावेत व शिबिराचा संबंध असू शकतो काय, असे विचारावे. दिनदर्शिकेवर बोट ठेवून दिवस मोजणारे मूल घरी जाऊन आईला तेच सांगेल. हा या पाठाचा सर्वांत मोठा लाभ होय.

शेवटी पुढील प्रश्न विचारावेत : १) उंदीर न दिसताही त्याच्यापासून आजार कसा होऊ शकतो? २) चिखलात अनवाणी का उतरू नये? ३) सहलीनंतर ताप आल्यास डॉक्टरांना कोणत्या दोन गोष्टी सांगाव्यात?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मुलाच्या तोंडी यावयास हवे : "मी कोठे गेलो होतो" आणि "किती दिवसांपूर्वी". ही दोन वाक्ये वर्गात पाठ झाली आणि सहलीच्या नोंदवहीत एक पान वाढले, की मुलांना रानात नेण्यास शिक्षकाने कचरू नये. डोंगर, झरे व रानवाटा त्यांचीच वाट पाहत आहेत.